हॅरॉल्ड फ्लोर : जवसाच्या तांबेऱ्यावर हयात घालवलेला माणूस

पानगळ

वनस्पतींच्या रोगप्रतिकारशक्तीवर हल्ली जे काही वाचायला मिळतं त्यात जनुक-संपादन असतं, प्रथिनांच्या रंगीत त्रिमितीय आकृत्या असतात आणि सुरुवातीलाच कुठेतरी 'फ्लोर यांनी १९४२ मध्ये मांडल्याप्रमाणे' असं म्हणून पुढे सटकलेलं असतं. त्या अर्ध्या ओळीत गुंडाळलेल्या माणसाबद्दल जरा ऐसपैस लिहावं म्हणून हा धागा.

हॅरॉल्ड हेन्री फ्लोर, जन्म १९००, सेंट पॉल, मिनेसोटा. शिकले मिनेसोटा विद्यापीठात. तिथे तेव्हा ई. सी. स्टॅकमन यांचा दबदबा होता. गव्हाचा तांबेरा म्हणजे एकच एक बुरशी नव्हे, हे स्टॅकमन यांनी लोकांच्या गळी उतरवलेलं होतं. दिसायला तंतोतंत सारख्या, पण एक या वाणावर तुटून पडणारी आणि दुसरी त्याच वाणावर हात टेकणारी, अशा तिच्या कितीतरी 'रेस' असतात. म्हणजे 'हा वाण तांबेऱ्याला दाद देत नाही' हे वाक्यच अर्धवट आहे. कोणत्या रेसला दाद देत नाही, ते सांगा.

फ्लोर यांनी आधी लुइझियानात उसाच्या मूळकुजीवर काम केलं, मग वॉशिंग्टन राज्यात गव्हाच्या काणीवर. तिथेच बुरशींचे आपसात संकर करून बघण्याचा नाद त्यांना लागलेला दिसतो. १९३१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने त्यांना नॉर्थ डकोटातल्या फार्गोला जवसाच्या रोगांवर नेमलं. पुढची सगळी नोकरी तिथेच.

आता जवस म्हणजे काही गहू नव्हे. रंग आणि लिनोलियम यांना लागणारं तेल देणारं दुय्यम पीक. पैसा, माणसं आणि मानमरातब सगळा गव्हाच्या तांबेऱ्याकडे. तरीही माझं ठाम मत असं की फ्लोर गव्हावर असते तर त्यांना हे सापडलं नसतं, निदान इतक्या स्वच्छपणे नाही.

कारण साधं आहे. गव्हाचा खोडावरचा तांबेरा दोन यजमानांवर संसार करतो. गव्हावर त्याची नुसती शाकीय वाढ आणि प्रसार, लग्नकार्य मात्र बारबेरीच्या झुडपावर. जवसाच्या तांबेऱ्याला, म्हणजे मेलॅम्प्सोरा लिनायला, दुसरं घर नाही. सगळं जीवनचक्र जवसावरच. म्हणजे एकाच काचघरात तुम्ही जवसाचाही संकर करू शकता आणि त्याच्यावर जगणाऱ्या बुरशीचाही.

बुरशीचा संकर करायचा कसा, हे कॅनडात क्रेगी यांनी १९२७ मध्ये उलगडलं होतं. तांबेऱ्याच्या एका अवस्थेत पानावर सूक्ष्म सुरईसारखे कोश उठतात आणि त्यांतून गोडसर चिकट थेंब पाझरतो. माशा तो चाटतात आणि एका कोशावरचा दुसऱ्यावर नेतात. तेच तांबेऱ्याचं परागीभवन म्हणा. फ्लोर यांनी माशीचं काम स्वतःच्या हातात घेतलं. एका रेसचा थेंब उचलून दुसऱ्या रेसच्या कोशांवर टेकवायचा, पुढची पिढी वाढवायची, आणि तिच्यातली एकेक वेगळी करून सगळ्या वाणांवर लावून बघायची. हिवाळा काढल्याशिवाय न उगवणारे काळे बीजाणू मधल्या टप्प्यात असतात, त्यामुळे घाई चालत नाही.

सगळ्यात गाजलेला प्रयोग असा. जवसाचे दोन वाण, ओटावा ७७०बी आणि बॉम्बे (हो, बॉम्बेच!). बुरशीच्या दोन रेस, २२ आणि २४. रेस २२ ओटावावर वाढते, बॉम्बेवर नाही. रेस २४ चं बरोबर उलटं. दोन्ही वाणांचा संकर केला. दुसऱ्या पिढीतल्या १९४ रोपांपैकी ११० रोपांनी दोन्ही रेस परतवल्या, ९ रोपं दोन्हींना बळी पडली, उरलेली ३२ आणि ४३ एकेकीला. मेंडेलचं ९:३:३:१, डोळे झाकून. इथवर नवल नाही, वनस्पतीतली प्रतिकारक्षमता मेंडेलच्या नियमाने चालते हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होतं.

नवल पुढे आहे. रेस २२ आणि २४ यांचाही संकर केला. दुसऱ्या पिढीत १३३ बुरशी मिळाल्या. त्यांतल्या ७८ दोन्ही वाणांवर अपयशी, ५ दोन्हींवर यशस्वी, आणि २७ व २३ एकेका वाणावर. हिशेबाने यायला हवे ७५, २५, २५, ८. म्हणजे झाडात जितकी प्रतिकार जनुकं, तितकीच त्यांची जोडीदार जनुकं बुरशीत. रोग होणार की नाही, हे एकट्या झाडावरही ठरत नाही आणि एकट्या बुरशीवरही नाही. दोन वेगळ्या जीवांच्या जनुकांची जोडी जुळली तर झाड वाचतं.

बुरशीची बाजू १९४२ च्या लेखात आली, जवसाची १९४७ मध्ये, आणि दोन्हींची सांगड घालणारी 'जनुकास जनुक' ही मांडणी १९५५ च्या सुमारास. जनुकं डीएनएची असतात हे ॲव्हरी मंडळींनी १९४४ मध्ये दाखवलं. फ्लोर यांच्याकडे होती फक्त रोपं, फोड आणि वही.

---

निवांत

झकास लेख. दोन्ही बाजू एकाच वेळी मोजायच्या, हे ऐकायला सोपं वाटतं, पण करतं कोण!

---

शंकासूर

पानगळ, लेख आवडला, पण १३३ चा आकडा मला पचत नाहीये. ७८ बुरशी दोन्ही वाणांवर *अपयशी*. म्हणजे अपयश हा प्रभावी गुण? रोग निर्माण न करू शकणं हे बुरशीत 'असलेल्या' जनुकामुळे, आणि रोग करता येणं हे ते जनुक बिघडल्यामुळे? मग असलं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारं जनुक बुरशी जपते कशाला? उत्क्रांतीने ते केव्हाच उडवून लावायला हवं होतं.

---

पानगळ

नेमक्या जागी बोट ठेवलंत. फ्लोर यांना याचं उत्तर माहीत नव्हतं आणि त्यांच्या साधनांनी ते मिळणारही नव्हतं. लोक या संकल्पनेला कुलूप-किल्लीची उपमा देतात, मला ती कधीच पटली नाही. इथे किल्ली असली तर चोर अडकतो आणि किल्ली हरवली की आत शिरतो. बाकीचं बीजाणू सांगतील, त्यांचा विषय आहे.

---

बीजाणू

हाक मारलीच आहे तर लिहितो, लांबेल.

ही जनुकं बुरशीला लागतात म्हणूनच टिकतात. रोगजंतू झाडाच्या पेशीत छोटी छोटी प्रथिनं सोडतो, त्यांना इफेक्टर म्हणतात. त्यांचं काम झाडाचं संरक्षण लुळं पाडणं, पेशीतून अन्न काढून घेणं. हत्यारंच ती. एखाद्या झाडाच्या वंशात कधीतरी असं प्रथिन निर्माण होतं जे त्यांपैकी एक हत्यार ओळखतं. त्या क्षणी तेच हत्यार बुरशीला महागात पडतं. ओळखणारं प्रथिन नसलेल्या वाणावर मात्र ते तिच्या फायद्याचंच. फ्लोर यांनी जिला 'अपयशाचं जनुक' म्हणून मोजलं ती बुरशीची हल्ल्याची सामग्री होती. फक्त ती पकडली गेली तेव्हाच त्यांना दिसत होती.

असलं पहिलं जनुक वेगळं काढलं गेलं १९८४ मध्ये, स्टास्काविझ, डॅलबेक आणि कीन यांच्या कामातून, तेही बुरशीतून नव्हे तर सोयाबीनवरच्या जिवाणूतून. जिवाणू हाताळायला सोपे. झाडाच्या बाजूला टोमॅटोतलं पीटीओ १९९३ मध्ये, आणि १९९४ मध्ये तर रांगच लागली: तंबाखूतलं एन, ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपातलं आरपीएस२, टोमॅटोतलं सीएफ-९. गंमत अशी की विषाणूविरुद्धचं, जिवाणूविरुद्धचं आणि बुरशीविरुद्धचं जनुक तपासलं तर पुष्कळदा एकाच घराण्यातली प्रथिनं निघत होती. शत्रू वेगळे, पहारेकरी एका पठडीतले.

जवसावर यायचं तर गुणसूत्रावरच्या 'एल' या जागेवरचं एल६ हे जनुक १९९५ मध्ये कॅनबेरात लॉरेन्स, एलिस आणि त्यांच्या चमूने मिळवलं. (जवसात अशा पाच जागा: के, एल, एम, एन, पी. एकट्या एलची दहाहून जास्त रूपं आहेत आणि त्यांतली बहुतेक वेगवेगळ्या रेस ओळखतात.) बुरशीतला त्याचा जोडीदार सापडायला २००४ उजाडलं. त्याचं नाव एव्हीआर-एल५६७, कारण एल५, एल६ आणि एल७ तिन्ही त्याला ओळखतात. २००६ मध्ये डॉड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही दोन प्रथिनं पेशीच्या आत एकमेकांना थेट चिकटतात.

म्हणजे १९४२ मध्ये काचघरातल्या मोजदादीवरून जे अनुमान काढलं त्यातले दोन्ही भागीदार हाताला लागायला ६२ वर्षं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की या कामाला फ्लोर यांची सामग्री चालली. त्यांनी 'बायसन' या वाणात एकेक प्रतिकार जनुक संकराने बसवून ओळी तयार करून ठेवल्या होत्या. बाकी सगळं सारखं, फरक एकाच जनुकाचा. अशा ओळी करायला पिढ्यान्पिढ्या परत त्याच वाणाशी संकर करत बसावं लागतं. लेखात ते एका परिच्छेदात संपतं, प्रत्यक्षात वर्षं जातात.

अवांतर: बॉम्बेसारखंच 'होशंगाबाद' नावाचं जवसही या साहित्यात सारखं भेटतं. त्यात एकही प्रतिकार जनुक ठाऊक नाही, म्हणून तांबेरा वाढवायला ते वापरतात. बिचाऱ्याच्या वाट्याला कायम बळीचा बकरा होणं.

---

मेंडेलचा वाटाणा

उत्तम प्रतिसाद. एक भर घालतो. नेदरलंड्समध्ये ओर्ट यांनी गव्हाच्या काजळी काणीवर काम करून १९४४ मध्ये जवळपास हाच निष्कर्ष काढला होता, फ्लोर यांच्याशी काही संबंध नसताना. महायुद्ध चालू, लेख डच भाषेत. नाव फ्लोर यांचं राहिलं.

---

ओंबी

गोडवे पुरे झाले असतील तर थोडं कडू बोलू का?

मी पैदासकारांच्या, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्यांच्या, बाजूने बोलतेय. 'जनुकास जनुक' या कल्पनेने शास्त्र पुढे नेलं, कबूल. पण शेतातल्या पिकाला तिने एका चक्रात अडकवलं. एक दणदणीत प्रतिकार जनुक शोधा, वाणात घाला, वाण लाखो एकरांवर पसरवा. बुरशीला काय करायचंय? तेवढं एक इफेक्टर बदलायचं किंवा टाकून द्यायचं. बस्स. इतक्या मोठ्या क्षेत्रावर अब्जावधी बीजाणू असताना त्यांतल्या एकाला ते जमलं की वाण गेला. १९३५ साली सेरेस गव्हाचं हेच झालं. फार्गोतच तयार झालेला वाण, खोडावरच्या तांबेऱ्याला तोंड देतो म्हणून पसरला आणि रेस ५६ ने झोपवला. फ्लोर तेव्हा त्याच गावात नोकरीला होते, त्यांच्या डोळ्यांसमोर घडलंय हे. पुढे १९५० च्या दशकात रेस १५बी. १९९८ मध्ये युगांडात यूजी९९ ही रेस आढळली, तिने एसआर३१ या जनुकाला चकवलं, आणि त्या एका जनुकावर जगभरचे किती वाण विसंबून होते!

वनस्पतिरोगतज्ज्ञ व्हॅन डर प्लँक यांनी १९६३ मध्ये यावरच बोट ठेवलं होतं. एकेका रेसपुरता 'उभा' प्रतिकार आणि सगळ्या रेसना थोडा थोडा अडवणारा 'आडवा' प्रतिकार. दुसरा दिसायला फिका असतो. पानावर फोड येतात, पण उशिरा, कमी आणि लहान. चाचणी शेतात असा वाण शेजारच्या स्वच्छ वाणापुढे केविलवाणा दिसतो आणि निवडणारे त्याला काट मारतात. गव्हातलं एलआर३४ घ्या. शंभरेक वर्षं शेतात आहे, पिवळ्या आणि नारिंगी तांबेऱ्यावर अजून चालतं. २००९ मध्ये ते वेगळं काढलं तेव्हा कळलं की ते ओळख पटवणाऱ्या घराण्यातलं नाहीच, पेशीतून पदार्थांची वाहतूक करणारं प्रथिन आहे. फ्लोर यांच्या चौकटीत बसत नाही म्हणून इतकी वर्षं त्याच्याकडे दुर्लक्ष झालं, असं माझं म्हणणं आहे.

---

शंकासूर

ओंबीताई, +१. बार्लीतलं एमएलओही त्याच पंगतीतलं ना?

---

ओंबी

हो. तिथे तर झाडाचंच एक जनुक बिघडलं की भुरी रोग शिरत नाही. पहिलं उत्परिवर्तन जर्मनीत १९४२ मध्ये क्ष-किरणांच्या माऱ्यातून मिळालं. फ्लोर यांच्या लेखाचंच साल, आणि कहाणी अगदी उलटी!

---

पानगळ

ओंबी, शेतातली हकीकत तुम्ही म्हणता तशीच आहे. दोष कुणाच्या माथी, एवढ्यावर माझं अडतंय. एक जनुक लाखो एकरांवर पसरवायचा निर्णय काचघरातल्या संशोधकाचा नसतो. उलट फ्लोर यांच्या मांडणीतूनच कळतं की एकटं जनुक का कोसळतं. बुरशीला एका बदलाने भागत असेल तर तिला एकदम तीन बदल करायला लावा. दोनतीन जनुकं एकाच वाणात रचायची, हा उपाय त्याच गणितातून निघतो. सेरेस पडला तेव्हा तो 'का' पडला हे सांगता येत नव्हतं. १९४२ नंतर येऊ लागलं.

एलआर३४ कडे दुर्लक्ष झालं हे मात्र मान्य. जे आकड्यांत छान बसतं त्याच्यामागे सगळे धावतात.

---

खोडकीड

दोनतीन जनुकं रचण्यावरून भाताची आठवण झाली. शिवाय त्यात फ्लोर यांच्या कोड्याचा दुसरा अंक आहे.

भाताच्या जिवाणूजन्य करप्याविरुद्धचं एक्सए२१ हे जनुक. मूळ माली देशातल्या रानभाताचं, ओरायझा लाँजिस्टॅमिनाटाचं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत ते लागवडीच्या भातात आणलं गेलं आणि १९९५ मध्ये पामेला रोनाल्ड यांच्या कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या प्रयोगशाळेने ते वेगळं केलं. झाडाची बाजू हातात आली. जिवाणूची बाजू कुठाय? २००९ मध्ये त्यांनी 'सायन्स'मध्ये जाहीर केलं, सापडली, एएक्स२१ नावाचं प्रथिन. २०११ मध्ये आणखी एक लेख. मग प्रयोगशाळेत नवी माणसं आली आणि त्यांना तेच प्रयोग जमेनात. खोदत गेल्यावर कळलं की साठवणीतले काही जिवाणू भलत्याच नावाने ठेवलेले होते, आणि चाचणीही भरवशाची नव्हती. २०१३ मध्ये रोनाल्ड यांनी दोन्ही लेख मागे घेतले आणि काय चुकलं ते उघडपणे लिहून काढलं. खरा जोडीदार, रॅक्सएक्स नावाचं छोटं प्रथिन, त्याच प्रयोगशाळेने २०१५ मध्ये दाखवला. एका जोडीसाठी वीस वर्षं आणि मध्ये एक मोठी उलटी उडी.

एक्सए२१, एक्सए१३ आणि एक्सए५ ही तीन जनुकं एकत्र बसवलेला 'सुधारित सांबा महसुरी' हैदराबादच्या दोन संस्थांनी मिळून काढला, २००८ मध्ये अधिसूचित झाला. पानगळ म्हणतात ते रचण्याचं काम प्रत्यक्षात असं दिसतं. निवड करताना तिन्ही जनुकं आहेत की नाहीत हे डीएनएच्या खुणांवरून बघावं लागतं, कारण नुसत्या पानाकडे बघून एक जनुक आहे की तीन, ते ओळखू येत नाही.

---

निवांत

लेख मागे घेण्याचा किस्सा माहीत नव्हता. बाटलीवरच्या चिठ्ठीने एवढा घोळ!

एक बाळबोध प्रश्न. ओळख पटली, दोन प्रथिनं चिकटली, इथपर्यंत समजलं. पुढे पानात नेमकं होतं काय? झाडाला तर पांढऱ्या पेशीही नाहीत.

---

बीजाणू

बाळबोध अजिबात नाही, हेच बराच काळ कुणाला माहीत नव्हतं.

डोळ्यांना दिसतं ते असं: तांबेऱ्याने पोसलेल्या पानावर नारिंगी पुडीने भरलेले फोड, बोट फिरवलं तर बोटाला पूड. प्रतिकार करणाऱ्या पानावर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके, किंवा काहीच नाही. तो ठिपका म्हणजे आत्महत्या केलेल्या पेशी. तांबेरा फक्त जिवंत पेशीतून अन्न घेतो, पेशी मेली की त्याची उपासमार.

पेशी मरते कशी, याचा एक धागा २०१९ मध्ये चीनमधल्या चाई, वांग आणि झोऊ यांच्या गटांनी हाती दिला. झॅर१ नावाचं पहारेकरी प्रथिन जागं झालं की त्याचे पाच रेणू एकत्र येऊन चक्र बनतं आणि पेशीच्या पटलात घुसतं. २०२१ मध्ये दिसलं की त्यातून कॅल्शियम आत येतं आणि पुढची साखळी सुरू होते. जवसाचं एल६ मात्र दुसऱ्या शाखेतलं. त्या शाखेतल्या प्रथिनांची चार-चारची जुळणी २०२० मध्ये दिसली, आणि ती पटलाला भोक पाडण्याऐवजी एनएडी नावाचा रेणू तोडून निरोप देणारे छोटे रेणू तयार करतात.

हे सगळं दुसऱ्या फळीचं. पहिली फळी पेशीच्या बाहेरच्या अंगाला असते. ती एखादी रेस नव्हे, जिवाणूंच्या शेपटीतल्या प्रथिनाचा तुकडा किंवा बुरशीच्या भिंतीतलं कायटिन अशा सर्वसाधारण खुणा ओळखते. भातातलं एक्सए२१ बाहेरच बसतं, जवसाचं एल६ आत. या दोन फळ्या एकत्र कशा बसतात ते जोन्स आणि डँगल यांनी २००६ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं, आजही शिकवतात ते तेच. अलीकडे मात्र दोन्ही फळ्या एकमेकींना बळ देतात असं दिसतंय, त्यामुळे ती सरळ विभागणी धूसर होत चालली आहे.

---

मेंडेलचा वाटाणा

आजच्या काळात फ्लोर यांना हे करता आलं असतं का? दुय्यम पीक, वर्षाला मोजकेच संकर, तीन वर्षांच्या प्रकल्पात दाखवायला काही नाही. अनुदान समितीपुढे पहिल्याच फेरीत बाद.

---

पानगळ

त्यांना पगार होता आणि नेमून दिलेलं पीक होतं, 'प्रकल्प' नव्हता. कृषी खात्याला जवसाचे टिकाऊ वाण हवे होते. त्या नोकरीच्या कामातूनच हे निघालं, तत्त्व शोधायला कुणी पाठवलं नव्हतं. मान पुढे मिळाला. अमेरिकन फायटोपॅथॉलॉजिकल सोसायटीचे ते अध्यक्ष झाले, आणि १९७१ मध्ये त्यांनी स्वतःच या संकल्पनेचा आढावा लिहिला. १९९१ मध्ये गेले. वनस्पतीतली पहिली प्रतिकार जनुकं हाती लागायला सुरुवात झाली त्याच्या जरासंच आधी.

---

शंकासूर

शेवटचा प्रश्न, मग झोपतो. जवसाच्या तांबेऱ्याचं पुढे काय झालं? ओंबीताईंच्या हिशेबाने तर तो आजही धुमाकूळ घालत असायला हवा.

---

ओंबी

इथे माझी जरा पंचाईत आहे. पश्चिम कॅनडात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो उपद्रव देत नाही. तिथे नोंदणी मिळायला वाणाने स्थानिक रेसना पूर्ण दाद न देणं आवश्यक असतं. जवसाचं क्षेत्र गव्हाच्या तुलनेत कमी, शिवाय पेरलेला वाण प्रतिकारक असला की बुरशीला राहायला दुसरं घर नाही, हे कारण असावं असा माझा अंदाज. त्यामुळे एकेक जनुकही तिथे टिकलं. गव्हाला ही सवलत मिळत नाही, त्याचे बीजाणू वाऱ्यावर खंड ओलांडतात.